रेशमावरचे ऋतू : चिनी दरबारी वस्त्र आणि कृष्णाकाठचे सोवळे

चीनमध्ये रेशमी वस्त्रावर ऋतू चित्ररूपाने उमटत असे, तर मराठी मुलखात तो वस्त्राच्या रंगातून, त्याच्या शुद्धाशुद्धतेच्या नियमांतून आणि ते कोणत्या तिथीला नेसावे या संकेतातून व्यक्त होत असे. या दोन पद्धतींचा एकमेकींशी थेट संबंध नाही; मात्र ज्या धाग्यावर त्या उभ्या राहिल्या तो धागा दीर्घकाळ बऱ्याच अंशी एकच होता, कारण दख्खनमधील विणकर जे रेशीम वापरत त्याचा मोठा वाटा चीनमधून समुद्रमार्गे येत असे. धागा आला, पण त्याच्याबरोबर चिनी पंचांग आले नाही, आणि हे असे का झाले याचा शोध घेण्यासाठी राजधानीपेक्षा एखादे तीर्थक्षेत्र अधिक उपयोगी पडते. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेली नृसिंहवाडी, म्हणजे लोकांच्या तोंडची नरसोबाची वाडी, असे ठिकाण आहे. तेथे रेशीम विणले जात नाही, परंतु ते नेसण्याचे नियम काटेकोरपणे पाळले जातात, आणि वर्षातील एक ऋतू तर प्रत्यक्ष पुराच्या रूपाने देवळात शिरतो.

चिनी वस्त्रांतील ऋतुभान समजण्यासाठी प्रथम रेशमाच्या उत्पत्तीकडे पाहावे लागते. समशीतोष्ण चीनमध्ये तुतीला पालवी फुटते ती वसंतात, आणि रेशीमकिड्याची अंडी त्याच सुमारास उबवली जातात. त्यामुळे रेशमाचे मुख्य पीक वर्षातील ठरावीक आठवड्यांशी बांधलेले होते. सम्राट वसंतात नांगर धरून शेतीचा आरंभ करी, तर सम्राज्ञी रेशीमदेवतेची पूजा करून कीटकपालनाचा आरंभ करी, आणि या पूजेसाठी बीजिंगमध्ये 1742 साली स्वतंत्र वेदी उभारण्यात आली. उष्ण प्रदेशातील किड्यांच्या जाती वर्षातून पाच-सहा पिढ्या पूर्ण करतात, त्यामुळे दक्षिण भारतातील रेशमाला अशी एकच एक ऋतुसीमा पडत नाही. ज्या समाजात रेशमाचा जन्मच ऋतूवर अवलंबून आहे तेथे वस्त्रावर ऋतू काढण्याची प्रवृत्ती बळावली असेल, असे अनुमान करता येते. ते पूर्ण कारण नव्हे, पण दुर्लक्ष करण्याजोगेही नाही.

रेशमाला ऋतूनुसार जाडी आणि विरळपणा देण्याचे कौशल्य चीनमध्ये फार प्राचीन आहे. हूनान प्रांतातील मावांगदुई येथे 1972 साली उघडलेल्या हान काळातील एका सरदारपत्नीच्या थडग्यात साध्या जाळीदार रेशमाचा एक पूर्ण लांबीचा झगा मिळाला आणि त्याचे वजन 50 ग्रॅमहूनही कमी भरले. त्याच थडग्यात कापसासारखे रेशमी तंतू भरलेले जाड झगेही होते. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील या संग्रहात उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही आहेत, मात्र ते विणीत आहेत, चित्रात नव्हेत.

चित्ररूप ऋतू पूर्णत्वाला पोहोचला तो मिंग काळात. सतराव्या शतकात लिऊ रुओयू या दरबारी खोजाने राजवाड्यातील चालीरीतींची जी नोंद केली, तिच्यात वर्षभरातील सणांना अनुसरून छाती-पाठीवरील चौकोनी चिन्हपट्ट आणि झग्यांवरील आकृती कशा बदलत याचे सविस्तर वर्णन आहे. वर्षाच्या सुरुवातीला भोपळ्याची आकृती असे, पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला कंदिलांची, वसंतातील पितृस्मरणाच्या दिवसांत झोपाळ्यांची. पाचव्या महिन्यात साप, विंचू, गोम, बेडूक आणि पाल हे ‘पाच विषारी प्राणी’ भरले जात आणि त्यांच्यावर मात करणारा वाघ दवण्याच्या जातीच्या एका सुगंधी वनस्पतीसह दाखवला जाई, कारण त्या महिन्यापासून उष्मा, दमटपणा आणि रोगराई सुरू होते असे मानत. सातव्या महिन्याच्या सप्तमीला, आकाशगंगेच्या दोन तीरांवर ताटातूट झालेले गुराखी आणि विणकरीण हे तारे वर्षातून एकदा भेटतात या कथेनुसार, पक्ष्यांनी बांधलेला पूल येई. आठव्या महिन्यात चंद्र आणि ससा, नवव्यात शेवंती, आणि दक्षिणायन संपताना मेंढी. मेंढीचा संबंध असा की तिचे नाव आणि ऊर्जा वाढवणाऱ्या सौरतत्त्वाचे नाव चिनी भाषेत सारख्याच उच्चाराचे आहे. अशा उच्चारसाम्यावर चिनी प्रतीकव्यवस्थेचा फार मोठा भाग उभा आहे, आणि तो प्रतीकार्थ परभाषेत जाताच नाहीसा होतो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. वान्ली सम्राटाच्या दिंगलिंग या समाधीचे उत्खनन 1956 ते 1958 या काळात झाले तेव्हा दरबारी रेशमांचा मोठा साठा हाती आला, आणि अशा लिखित नोंदींना वस्तूंची जोड मिळाली.

मांचू वंशाच्या छिंग राजवटीने सणांपेक्षा व्यवस्थेवर भर दिला. छियानलुंग सम्राटाच्या काळात 1759 साली सिद्ध झालेल्या सचित्र नियमग्रंथात सम्राटापासून सामान्य अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाचे वस्त्र, टोपी, दागिना आणि रंग निश्चित करण्यात आला. सम्राटाने दक्षिणायनाच्या अखेरीस स्वर्गाच्या वेदीवर निळे वस्त्र, उत्तरायणाच्या अखेरीस पृथ्वीच्या वेदीवर पिवळे, वसंतसंपातास सूर्यवेदीवर तांबडे आणि शरदसंपातास चंद्रवेदीवर फिकट निळसर पांढरे वस्त्र घालावे असा दंडक होता. उन्हाळी टोपी आणि हिवाळी टोपी कोणत्या दिवसापासून घालायची हे विधिविभाग जाहीर करी, आणि त्या दिवशी साऱ्या अधिकाऱ्यांच्या डोक्यावर लोकरीच्या जागी वेताची किंवा वेताच्या जागी लोकरीची टोपी येई. हवामान काहीही असो, तारीख पाळली जाई. सुचौ, हांगचौ आणि नानकिंग येथील शासकीय रेशीमशाळांत तयार होणारे ड्रॅगनचे झगेही उन्हाळ्यासाठी जाळीदार, मधल्या काळासाठी अस्तराचे, थंडीसाठी कापूस किंवा फर भरलेले, असे स्वतंत्रपणे होत. झग्याच्या तळाशी उसळत्या लाटा आणि पर्वत, वर ढग, आणि त्यांत ड्रॅगन ही रचना मात्र बाराही महिने कायम राही. अनौपचारिक स्त्रीवस्त्रांवर फुलांचे चक्र अधिक मोकळेपणाने येई, आणि वसंतातील पिओनी, उन्हाळ्यातील कमळ, शरदातील शेवंती, हिवाळ्यातील प्लमचा बहर हा क्रम चीनमधील कोणाही सुशिक्षित माणसाला तोंडपाठ होता.

या रेशमाची भारताला ओळख फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कौशेयाबरोबर चीनभूमीतील पट्टवस्त्राचा उल्लेख येतो, आणि कालिदासाच्या शाकुंतलात वाऱ्याच्या उलट दिशेने नेल्या जाणाऱ्या ध्वजाचे चीनांशुक उपमान म्हणून आले आहे, म्हणजे नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नसे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक सागरवृत्तांत चिनी कच्चे रेशीम, सूत आणि कापड बॅक्ट्रियामार्गे भडोचला पोहोचत असल्याचे सांगतो. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर यांचीही नावे आहेत, आणि त्यावरून पैठणीची परंपरा दोन हजार वर्षे अखंड असल्याचे विधान वारंवार केले जाते. परंतु ग्रंथात पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून सुती कापड, मलमल येत असल्याचे म्हटले आहे, रेशीम नव्हे. पैठणीचे मोठेपण तिच्या विणीत आहे, आणि ते सिद्ध करण्यासाठी ग्रीक साक्षीदाराला न बोललेले शब्द बोलायला लावण्याची गरज नाही.

सोळाव्या शतकापासून मार्ग बदलला. पोर्तुगीजांनी 1557 च्या सुमारास मकाव येथे ठाणे वसवल्यावर गोवा, मकाव आणि जपान यांना जोडणाऱ्या जहाजांतून चिनी रेशीम नियमितपणे पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागले, आणि चिनी कारागिरांनी भरतकाम केलेली रेशमी धर्मवस्त्रे पोर्तुगीज आशियातील चर्चमध्ये वापरात आली. येथे एक लक्षणीय गोष्ट घडली. कॅथलिक उपासनेला स्वतःचे वर्षचक्र आहे आणि 1570 च्या रोमन प्रार्थनाग्रंथाने धर्मगुरूच्या वस्त्राचे रंग त्या चक्राला जोडून दिलेले होते : नाताळ आणि ईस्टरला पांढरा, उपवासकाळात जांभळा, पेंटेकॉस्टला तांबडा, इतर सामान्य काळात हिरवा. चिनी कारागिराने पाखरे आणि फुले आपल्या सवयीने भरली असली तरी गोव्याच्या वेदीसमोर त्या रेशमाचा काळ ठरवणारी गोष्ट होती पार्श्वभूमीचा रंग. रेशीम आयात करणाऱ्या समाजाने त्यावर स्वतःचे पंचांग चढवले याचे हे किनाऱ्यावरचे पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई आणि कँटन यांच्यातील व्यापार वाढला. शिडाच्या जहाजांच्या काळात मुंबईहून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर कापूस आणि अफू चीनकडे जाई, आणि हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांवर रेशीम, चहा, साखर घेऊन जहाजे परतत. त्यामुळे दख्खनच्या विणकराच्या दृष्टीने रेशमाचा ऋतू तुतीच्या पालवीचा नव्हता, तो वाऱ्यांचा आणि घाटरस्त्यांचा होता. जमशेटजी जीजीभॉय (1783–1859) यांच्यासारख्या पारशी व्यापाऱ्यांनी या व्यापारात मोठी संपत्ती मिळवली, आणि पारशी स्त्रियांच्या ‘गारा’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या साडीच्या रूपाने चिनी भरतकामातील सारस, पिओनी, बांबू, शेवंती, पूल आणि मंडप मुंबईच्या घरांत शिरले. तथापि तेथेही ऋतू हरवला. एकाच गाऱ्यावर वसंत आणि शरद यांची फुले शेजारी शेजारी नांदतात, आणि ती नेसायची ती लग्न, नवजोत, नवरोज अशा प्रसंगी. फूल कोणत्या महिन्याचे आहे याचा विचार त्यामागे राहिला नाही. उच्चारसाम्यावर उभी असलेली प्रतीके तर गुजराती आणि मराठी कानांपर्यंत पोहोचणेच शक्य नव्हते.

मराठी देशावर चित्र आले नाही, लडी आल्या. मुंबईहून पुणे, येवले आणि इतर पेठांत येणारे कच्चे रेशीम प्रथम रहाटकऱ्यांच्या हाती पडे; लडीतील जाड-बारीक धागे वेगळे करणे, त्यांना पीळ देणे आणि गुंडाळणे हे त्यांचे काम. त्यानंतर खाराच्या पाण्यात उकळून धाग्याभोवतीचा नैसर्गिक डिंक काढला जाई, त्यात रेशमाचे वजन सुमारे पाव हिश्श्याने घटे, आणि मग ते रंगाऱ्याकडे जाई. मुंबई सरकारसाठी एस. एम. एडवर्ड्स यांनी 1900 साली या इलाख्यातील रेशमी कापडावर लिहिलेल्या प्रबंधात या उद्योगाचे चित्र आहे, आणि तेव्हाही तो परदेशी, विशेषतः चिनी, धाग्यावर अवलंबून होता. अशा रीतीने चिनी रेशीम मराठी माणसापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचा डिंक, मूळ रंग आणि मूळ देश या तिन्ही गोष्टी धुऊन निघालेल्या असत.

पैठणी आणि चीनमधील ‘कसं’ नावाचे चित्रविणकाम यांची तुलना या संदर्भात उद्बोधक ठरते. दोहोंत बाण्याचा प्रत्येक रंग स्वतंत्र छोट्या कांडीवर घेऊन नक्षीत जेवढ्या भागात तो हवा तेवढ्याच भागात फिरवला जातो. फरक असा की चिनी विणीत दोन रंग जेथे भेटतात तेथे उभी बारीक फट राहते, तर पैठणीत दोन्ही धागे एकमेकांत अडकवले जात असल्याने फट राहत नाही, आणि उलटसुलट दोन्ही बाजूंनी नक्षी जवळजवळ सारखी दिसते. तंत्राचे हे साम्य परस्परांकडून शिकण्याचा पुरावा नव्हे, कारण अशी वीण जगात अनेक ठिकाणी आढळते. अधिक महत्त्वाचा फरक नक्षीच्या आशयात आहे. पैठणीच्या पदरावर मोर, पोपट, कमळ, आणि आसावली म्हणजे फुलांची चढती वेल असते. संस्कृत काव्यपरंपरेत मोर वर्षा ऋतूचा आणि कमळ शरदाचे, पण पदरावर ते एकत्र येतात आणि साडी माघ-फाल्गुनातील लग्नातही नेसली जाते, त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. पेशव्यांच्या मागणीपत्रांतही आसावलीच्या शेल्या-दुपट्ट्यांची निवड रंगाने होत असे. मराठी रेशमावरील फूल शोभेचे असते, तिथीचे नसते.

याचा अर्थ मराठी वस्त्रव्यवहारात ऋतू नाही असा मुळीच होत नाही. तो वेगळ्या जागी आहे. सर्वांत स्पष्ट उदाहरण मकरसंक्रांतीचे. शुभप्रसंगी टाळला जाणारा काळा रंग त्या एका दिवशी मानाचा होतो, नववधूला पहिल्या संक्रांतीला चंद्रकळा, म्हणजे काळी किंवा गर्द निळी साडी, दिली जाते, तिच्यावर हलव्याचे पांढरे दागिने घातले जातात, आणि लहान मुलाचे बोरन्हाणही काळ्या झबल्यातच होते. थंडीत काळा रंग ऊब धरतो हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. चिनी बाळाच्या अंगरख्यावर पाचव्या महिन्यात पाच विषारी प्राणी भरले जात, मराठी बाळाला पौषात काळे कापड चढते. दोहोंचा हेतू ऋतुपालटाच्या काळात मुलाचे रक्षण करणे हाच आहे, पण एका ठिकाणी त्यासाठी चित्र लागले आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ रंगाने काम भागले.

देवांच्या पोशाखात ही व्यवस्था अधिक सूक्ष्म आहे, आणि छिंग दरबाराशी तुलना करायची असेल तर ती मराठी राजदरबारापेक्षा देवळांशी करणे योग्य ठरेल. पंढरपूरचा विठ्ठल वसंतपंचमीपासून रंगपंचमीपर्यंत पांढऱ्या पोशाखात असतो आणि त्यावर रंगाची उधळण होते. चैत्र पाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत त्याला चंदनउटी लावली जाते. थंडीत रजई, शाल आणि कानपट्टी येते. कोल्हापूरच्या अंबाबाईला नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून शालू येतो. चीनमध्ये सम्राट हा स्वर्गपुत्र असल्याने विश्वातील ऋतुचक्राशी त्याच्या देहाला जुळवून घ्यावे लागे. मराठी मुलखात ते दायित्व देवमूर्तीकडे गेले आणि राजा त्यातून मोकळा राहिला.

नृसिंहवाडीचा विशेष असा की तेथे पोशाख चढवण्याजोगी मुख्य मूर्तीच नाही. दत्तसंप्रदायात दुसरे अवतार मानले गेलेले नृसिंह सरस्वती येथे बारा वर्षे राहिले आणि गाणगापूरला जाताना आपल्या पादुका मागे ठेवून गेले अशी परंपरा आहे. आश्विन वद्य द्वादशी, म्हणजे गुरुद्वादशी, त्या स्मरणार्थ पाळली जाते. पूजेचे केंद्र दगडावरील या मनोहर पादुका आहेत. ज्यांच्या नावाने हे क्षेत्र ओळखले जाते ते संन्यासी, म्हणजे गेरूने रंगवलेल्या साध्या वस्त्राचे मानकरी, आणि संन्याशाच्या वस्त्राला ऋतू नसतो. ऋतूचे बंधन त्याच्या पायांवर पडते, कारण चातुर्मासात त्याने एका ठिकाणी राहावे असा नियम आहे. त्यामुळे इतर देवळांत जे रेशीम प्रामुख्याने मूर्तीच्या अंगावर दिसते ते वाडीत ठळकपणे दिसते पूजा करणाऱ्याच्या अंगावर, सोवळ्याच्या रूपाने.

सोवळे म्हणजे पूजा, स्वयंपाक आणि भोजन या वेळी नेसायचे विधिशुद्ध वस्त्र. ते दोन प्रकारांनी सिद्ध होते : सुती धोतर धुऊन, कोणाचाही स्पर्श होणार नाही अशा रीतीने उंच काठीवर वाळवून, किंवा मुकटा, कद, पीतांबर अशा रेशमी, अथवा धाबळीसारख्या लोकरी वस्त्राने, ज्याला सुताइतक्या सहज विटाळ लागत नाही असे मानले गेले आणि जे दररोज धुण्याची आवश्यकता नव्हती. या भेदाची मुळे धर्मशास्त्रात आहेत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने, जाड लोकरी कांबळी रिठ्याने आणि तागी वस्त्रे पांढऱ्या मोहरीने शुद्ध करावीत असे सांगितले आहे. प्रत्येक तंतूला त्याच्या स्वभावाप्रमाणे धुण्याचे द्रव्य देणारा हा नियम धार्मिक जितका तितकाच व्यवहारी आहे, आणि रिठ्याने नाजूक कापड धुण्याची पद्धत घराघरांत आजही टिकून आहे. कोश उकळताना किड्याचा जीव जातो, तरी त्याच धाग्याला परमशुद्धतेचे स्थान मिळाले ही विसंगती जुन्या शास्त्रकारांना फारशी बोचलेली दिसत नाही.

येथे कृष्णाकाठच्या पावसाळ्याचा विचार करावा लागतो. सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाने कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही फुगल्या की संगमावरील घाट बुडतो, पाणी देवळात शिरते, उत्तरेकडून येणारा प्रवाह पादुकांवरून वाहत दक्षिणेकडील दाराने बाहेर पडतो, आणि त्या प्रवाहात स्नान करण्यासाठी भाविक दूरदूरहून येतात. यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या नारायणस्वामी मंदिरात नेली जाते. 2005, 2019 आणि 2021 या वर्षांच्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील अनेक गावांप्रमाणे वाडीनेही पाण्याचा वेढा अनुभवला. अशा ऋतूत, जेव्हा हवाच ओली असते, तेव्हा सुती धोतर विटाळाविना वाळवणे हे अवघड काम होते, आणि पूजा तर एक दिवसही थांबत नाही. रेशीम पटकन वाळते, रोज धुवावे लागत नाही, आणि घडी करून ठेवले तरी त्याचे सोवळेपण टिकते. म्हणून रेशमी सोवळ्याची प्रतिष्ठा केवळ श्रीमंतीतून किंवा केवळ शास्त्रवचनातून आली असे मानण्यापेक्षा चातुर्मासाच्या ओल्या महिन्यांनी ती पक्की केली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. याला एक मर्यादाही आहे. ओल्या अवस्थेत सुताची ताकद वाढते, तर रेशमाची घटते. त्यामुळे पुराच्या प्रवाहात उतरण्यासाठी सुती वस्त्र आणि बाहेर आल्यावर पूजेसाठी रेशमी, ही विभागणी तंतूंच्या गुणधर्मांशीही जुळते.

याच दृष्टीने पाहिले तर मराठी रेशमाचे एक पूर्ण वर्षचक्र हाती लागते. आषाढी एकादशीला विवाहाचे मुहूर्त थांबतात आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू होतात. त्यामुळे लग्नातील शालू, पैठणी आणि शेले यांचा मुख्य काळ कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंतचा, आणि मधल्या चार महिन्यांत रेशमाचा भार व्रतांवर, मंगळागौर-महालक्ष्मीच्या पूजांवर आणि सोवळ्यावर पडतो. वर्षाच्या एका भागात रेशीम मिरवण्यासाठी, दुसऱ्या भागात प्रामुख्याने पूजेसाठी. वाडीचा स्वतःचा उत्सवक्रमही याच चौकटीत बसतो : मार्गशीर्षातील दत्तजयंती, पौषातील नृसिंह सरस्वतींची जयंती आणि माघातील गुरुप्रतिपदा या कोरड्या ऋतूतील यात्रा, तर दक्षिणद्वार हा पंचांगाने नव्हे, नदीने ठरवलेला सोहळा. चिनी विधिविभागाला टोपी बदलण्याची तारीख जाहीर करता येई. दक्षिणद्वाराची तारीख कोणालाही आधी सांगता येत नाही.

वाडीच्या यात्रेला येणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मात्र शास्त्राने सांगितलेले रेशीम क्वचितच असे. कोल्हापूर-सांगली भागाचे रोजचे आणि सणाचे लुगडे म्हणजे इरकल, आजच्या कर्नाटकातील इळकल येथे विणले जाणारे. त्याचे अंग सुती, काठ आणि पदर रेशमी, आणि पदराचे ताणे अंगाच्या ताण्यांना फासे घालून स्वतंत्रपणे जोडलेले असतात, त्यामुळे महागडा धागा फक्त दिसणाऱ्या भागापुरता वापरता येतो. गुळेदगुड्ड येथील खणांनीही हेच केले. चोळीच्या तुकड्यापुरते रेशीम, आणि त्याच खणाची बाळासाठी कुंची. चंद्रकळेचा काळा रंगही या इरकलीत मानाचा आहे. जवळच्या इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केल्यानंतर सुती लुगड्यांची स्वस्ताई झाली, त्यानंतर कृत्रिम रेशमाने काठपदरात प्रवेश केला, आणि पुढे कृत्रिम धाग्याचे झटपट सोवळेही बाजारात आले. धर्मशास्त्राने ज्याच्या शुद्धीचे द्रव्य सांगितलेले नाही असे हे वस्त्र आहे, तरी ते रेशमाच्या रंगात आणि रेशमासारख्या काठात विणले जाते, यावरून रूढीला धाग्यापेक्षा रूप पुरते हे दिसून येते.

ऋतू आणि वस्त्र यांना जाहीर आदेशाने जोडण्याचा चिनी प्रकार महाराष्ट्रात अगदी अलीकडे, आणि अनपेक्षित ठिकाणाहून आला. नवरात्राच्या नऊ दिवसांसाठी नऊ रंग जाहीर करण्याची प्रथा एकविसाव्या शतकाच्या आरंभी वृत्तपत्रांनी लोकप्रिय केली, तिला जुन्या धर्मग्रंथांचा आधार नाही, तरी दरवर्षी कार्यालये आणि लोकलगाड्या त्या रंगांनी भरून जातात. अठराव्या शतकातील बीजिंगच्या विधिविभागाचे काम मुंबईत वार्ताहरांनी पार पाडले, असे यावर म्हणता येईल.

भारत आज रेशीम उत्पादनात चीनखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि तरीही कच्चे रेशीम मुख्यतः चीनमधूनच आयात करतो. येवल्याच्या मागांवर कर्नाटकातील रेशमाचा मोठा वापर होत असला तरी बाजारातील चिनी धाग्याच्या भावाचा परिणाम विणकराला टाळता येत नाही. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते विणीला आणि स्थानाला. सोवळ्याच्या मुकट्यांना किंवा देवळांच्या भांडारांतील जुन्या पोशाखांना असे कोणतेही कवच नाही. चिनी वस्त्रांचा इतिहास लिहिणे शक्य झाले ते कोणत्या दिवशी काय नेसले याची नोंद दरबाराने ठेवली म्हणून. मराठी रेशमाचा ऋतू नक्षीत नसल्याने नुसते वस्त्र जपून तो कळणार नाही. म्हणून देवस्थानांनी आणि घराण्यांनी जुन्या पेटीतील प्रत्येक रेशमी वस्त्राबरोबर ते कोणत्या तिथीला, कोणत्या विधीला आणि कोणी नेसत असे हे चार ओळींत लिहून ठेवावे, आणि ज्या वृद्ध पुजाऱ्यांना व गृहिणींना ते सांगता येते त्यांना ते आताच विचारावे.